परत चालवून बघ

रोज फेल होणाऱ्या टेस्टशी, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर नीट चालतंय का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशी, माझं कधी भांडण झालेलं नाही. ती सकाळी फेल होते, दुपारी फेल होते, साहेबांसमोरही फेल होते. तिचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. डोकं उठवते ती कधीमधी फेल होणारी. रात्री लाल, आणि सकाळी कुणी बघायला बसलं की हिरवी. तिची तक्रार घेऊन जावं तर आपणच खोटे पडतो. आमच्या ऑफिसात अशा टेस्टवर एक ठरलेला उपाय होता: परत चालवून बघ. परत चालवली की पास व्हायची आणि सगळे चहाला जायचे.

ऑफिस सांगलीतच, विश्रामबागेत. काम अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करण्याचं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात, बेदाण्याचे होतात. माल कुणाचा, पोती किती, वजन काय भरलं, दर काय निघाला, हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, याची पट्टी निघाली पाहिजे. तीही माणूस समोर उभा असताना. इंटरनेट असो वा नसो, लाईट नुकतीच येऊन परत गेलेली असो. म्हणून सगळा डेटा दुकानातल्याच कॉम्प्युटरवर, एका एसक्यूएलाइट फाईलमध्ये ठेवलेला. एसक्यूएलाइट म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाईलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर. वेगळा सर्व्हर नाही, सर्व्हर सांभाळायला माणूस नाही. एका दुकानाची एक फाईल.

आणि ते कॉम्प्युटर! २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठेतल्या आमच्या काही गिऱ्हाइकांची मशीन त्या पाण्यात गेली. त्यानंतर त्यांनी घेतली ती सेकंडहँड, मिळतील तशी. त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज ७ होतं आणि अजून आहे. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट थांबवला, पण पट्टी निघतेय तोवर अडत्याला त्याचं काय? ‘चालतंय की’ या दोन शब्दांपुढे कुठल्याही कंपनीचं सपोर्टचं वेळापत्रक टिकत नाही. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो त्या पायथन भाषेच्या बाबतीत आम्हीही त्यापायी ३.८ वर अडकून पडलो, कारण विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची आवृत्ती. आणि टेस्ट चालवायला कोपऱ्यात एक तसलंच जुनं मशीन मुद्दाम ठेवलेलं. आमच्या लॅपटॉपवर लिनक्स. तिथे सगळ्या टेस्ट कायम पास. कोपऱ्यातल्या मशीनवर रात्री सगळा संच चालायचा आणि मधूनच एखादी लाल व्हायची.

लाल व्हायची ती प्रत्येक वेळी वेगळी. आज हमालीची, परवा तोलाईची, कधी एखादी अगदीच निरुपद्रवी, जिच्यात नुसता शेतकऱ्याचा पत्ता बदलून बघितलाय. इतकं सगळं डोळ्यासमोर असून आमच्यातल्या कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. गुन्हेगार रोज बदलत असेल तर दोष कुठल्याच एका टेस्टचा नाही. दोन टेस्टच्या मधे जे घडतं, त्याचा आहे. मधे काय घडत होतं? आधीच्या टेस्टची डेटाबेस फाईल पुसायची, कोरी नमुना फाईल त्याच नावाने तिथे कॉपी करायची, पुढची टेस्ट सुरू करायची. एवढंच.

सरांना सांगितलं. सर म्हणजे आमचे टीम लीड, माणूस चांगला, पण मार्चच्या तोंडावर कुणालाही जास्तीचा वेळ देत नाहीत. म्हणाले, “अगं, परत चालवून बघ की. होतंय.”

होत होतंच. पण त्याच आठवड्यात यार्डातून एका अडत्यांचा फोन आलेला. वर्ष बंद करताना आमचं सॉफ्टवेअर ‘फाईल उघडता येत नाही’ म्हणून अडायचं. मी म्हटलं, बघते, मशीनवर काय दिसतंय ते सांगा. तर म्हणाले, “अवो मॅडम, परत चालू केलं की होतंय ओ. पण दर टायमाला तुमचं सॉफ्टवेअर बंद करून चालू करायला मी काय रिकामा बसलोय का? हितं हळदीचा सीझन चाललाय.” सरांचं आणि त्यांचं वाक्य जवळजवळ एकच. एक जण त्याला उपाय म्हणत होता, दुसरा तक्रार.

सरांची बाजू घ्यायची तर त्यांच्या मागे मोठा माणूस उभा आहे. जिम ग्रे. डेटाबेसच्या दुनियेत ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे व्यवहार पुरता व्हावा नाही तर मुळीच होऊ नये याचा, विचार ज्यांनी पक्का केला त्यांतला एक, १९९८ चा ट्युरिंग पारितोषिक विजेता. १९८५ साली टँडम कंपनीत असताना संगणक का बंद पडतात यावर त्याने एक अहवाल लिहिला. कसून तपासून वापरात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जे दोष उरतात ते बहुतेक करून परत प्रयत्न केला की गायब होणारे असतात, असं त्याचं निरीक्षण होतं. हटकून दिसणाऱ्यांना त्याने बोरबग म्हटलं आणि बघायला गेलं की दडणाऱ्यांना हायझेनबग. मग उपाय काय? स्थिती नव्याने मांडा आणि काम परत करा, बहुधा दुसऱ्या वेळी होईल. म्हणजे परत चालवून बघ! हे वाचल्यावर मी थोडी खट्टू झाले. मग लक्षात आलं, ग्रे हे चालू कारभाराबद्दल सांगत होता, जिथे बँकेचं काम थांबता कामा नये. काम थांबू नये म्हणून परत प्रयत्न करणं वेगळं, आणि कारण शोधायला नको म्हणून परत प्रयत्न करणं वेगळं.

लॉग, म्हणजे मशीनने लिहून ठेवलेल्या नोंदी, काढून बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की लाल शेरे दोन जातींचे होते. काहींत ३२ नंबरचा एरर, तोही फाईल पुसतानाच: फाईल दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात आहे. आणि काहींत फाईल पुसली गेली, पण नवी कॉपी ठेवताना ‘परमिशन डिनाइड’. आम्ही दोन्ही एकाच पोत्यात घातले होते, ‘विंडोजचा लोचा’ नावाच्या.

३२ चा माग लागायला फार वेळ गेला नाही. पायथनमध्ये एसक्यूएलाइटचं कनेक्शन, म्हणजे डेटाबेस फाईलशी उघडलेली जोडणी, ‘विथ’ हा शब्द लावलेल्या ब्लॉकमध्ये वापरलं की ब्लॉक संपल्यावर ते बंद होत असेल, असं कुणालाही वाटतं, कारण साध्या फाईलच्या बाबतीत तसंच होतं. कनेक्शनच्या बाबतीत तो ‘विथ’ फक्त व्यवहार पक्का करतो किंवा मागे घेतो. कनेक्शन उघडंच राहतं. एरवी त्या कनेक्शनकडे बघणारं कुणी उरलं नाही की पायथन स्वतःच ते आवरून टाकतं, म्हणून निभावत होतं. पण ज्या टेस्टमध्ये मुद्दाम चूक घडवलेली असते, म्हणजे वजन ऋण टाकलं तर सॉफ्टवेअर नकार देतं का वगैरे, तिथे त्या चुकीच्या नोंदीत कनेक्शन अडकून राहायचं. ते कधी मोकळं होणार हे पायथनच्या, वापरात नसलेल्या गोष्टी मेमरीतून झाडणाऱ्या, यंत्रणेची फेरी कधी येते त्यावर. फेरी वेळेत आली तर पास, नाही आली तर पुढची टेस्ट फाईल पुसायला जाणार आणि ३२ खाणार. कनेक्शन जिथल्या तिथे बंद करायला लावल्यावर ३२ गेले ते गेलेच.

मग लिनक्सवर हे कधीच का दिसलं नाही? तिथेही कनेक्शन तसंच उघडं राहत होतं.

कारण फाईल पुसणे याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून तिथे नाव वेगळं आणि फाईल वेगळी. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून सांगते. लिनक्समध्ये पुसायला सांगितलं की उताऱ्यावरचं नाव तत्क्षणी कमी होतं. जो आत कसत असतो तो कसतच राहतो, त्याला कुणी उठवत नाही. तो आपणहून गेला की मगच जमीन मोकळी होते. दरम्यान त्याच नावाने दुसरी जमीन नोंदवायला कुणाची हरकत नसते. जुन्या विंडोजचं उलटं. अर्ज मंजूर होतो, पण आत एक जरी माणूस उभा असेल तर नाव तसंच राहतं आणि शेरा पडतो, फेरफार प्रलंबित. त्या नावाने नवी नोंद होत नाही आणि जुन्यात कुणाला नव्याने पाऊलही टाकता येत नाही. शिवाय आधी उघडणाऱ्याने ‘मी आत असताना ही पुसली तरी चालेल’ अशी मुभा दिलेली नसेल, तर अर्जच फेटाळला जातो. तोच तो ३२. एसक्यूएलाइट विंडोजवर फाईल उघडताना वाचायला-लिहायला मुभा देतं, पुसायला देत नाही. डेटाबेसने देऊ पण नये.

म्हणजे आमच्या लॅपटॉपवर काय चाललं होतं बघा. आधीच्या टेस्टचं कनेक्शन नाव गेलेल्या फाईलला धरून बसलेलं. तिथे लिहिलेलं कुणालाच दिसणार नाही. आणि टेस्ट हिरवी. एसक्यूएलाइटवाल्यांनी डेटाबेस कसा नासवावा याची एक यादीच दिलेली आहे. वापरात असलेली फाईल पुसणं किंवा तिचं नाव बदलणं त्या यादीत आहे. त्याच यादीत जुन्या फाईलचं अर्धवट जर्नल, म्हणजे अर्धा राहिलेला व्यवहार मागे घेण्यासाठी ठेवलेली जोडफाईल, नव्या फाईलच्या शेजारी राहणंही आहे: नावं जुळतात म्हणून एसक्यूएलाइट ते जर्नल नव्या डेटाबेसचंच समजतं आणि जुनी पानं त्यात परत लिहितं. आमच्याकडे एवढं झालं नाही. पण विंडोजला शिव्या घालणाऱ्या लिनक्सवाल्यांनी, आणि त्यांत मी आहेच, हे लक्षात ठेवायला हरकत नाही की आडमुठेपणा करून का होईना, उघडं कनेक्शन दाखवून दिलं ते विंडोजने. लिनक्सने ते सभ्यपणे पोटात घातलं. सर्व्हरवरचा भलामोठा लॉग पुसूनही डिस्क भरलेलीच का दिसते, हा प्रश्न ज्याला पडला आणि ज्याने मग उघड्या फाईलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ कमांड चालवून नावापुढे ‘डिलीटेड’ लिहिलेल्या फाईली बघितल्या, त्याला हा सभ्यपणा ओळखीचा असेल.

राहिला दुसरा, परमिशन डिनाइडवाला. हा खरा.

तो एकटी टेस्ट चालवली की यायचा नाही, कारण एकटीच्या आधी पुसायला काही नसतंच. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत थांबवत बघण्याचं अवजार, लावून पायरीपायरीने गेलं की यायचा नाही. मी समोर बसून चालवलं तर क्वचित. फोल्डरच्या परवानग्या तपासून झाल्या, युजर बदलून झाला. मधे एक चकवाही लागला. फाईल नव्याने तयार झाली तेव्हाही तिच्यावर निर्मितीची वेळ जुन्याच फाईलची दिसायची, त्यामुळे पुसण्याचं काम मुळात होतच नाही की काय अशी शंका. तसं नव्हतं. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाईली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, एक जुनी सोय आहे: नाव पुसून १५ सेकंदांच्या आत त्याच नावाची फाईल त्याच फोल्डरमध्ये आली, तर जुनीची निर्मितीवेळ नवीला चिकटवली जाते. तात्पुरती फाईल लिहायची, मूळ पुसायची, तात्पुरतीला मूळ नाव द्यायचं, अशा रीतीने सेव्ह करणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ती केलेली. ज्याला हे माहीत नाही त्याचा अख्खा दिवस खाणारी सोय.

शेवटी प्रोसेस मॉनिटर लावला. सिसइंटर्नल्सचं हे अवजार. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली, पण अवजार फुकटच राहिलं. मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम प्रत्येक फाईलशी काय करतो ते ओळीने लिहून ठेवतं. ते चालू केल्यावर नुसता पाऊस पडतो, लाखो ओळी. गाळणी लावली, फक्त आमच्या त्या एका फाईलच्या नावाची, आणि रात्रभर मशीन तसंच ठेवून घरी गेले.

सकाळी लाल शेरा होता. मला इतका आनंद कुठल्या हिरव्याचा झालेला नाही. लॉगमध्ये त्या सेकंदावर गेले आणि ओळी वाचल्या. आमचा पायथन फाईलमध्ये लिहितो, बंद करतो. लगेच दुसऱ्याच एका प्रोग्रॅमची ओळ: फाईल उघडली, वाचायला, आणि मुभा सगळ्या दिलेल्या, वाचा, लिहा, पुसा. मग आमची ओळ: पुसण्यासाठी उघडली, यशस्वी. पुसण्याची खूण केली, यशस्वी. बंद केली, यशस्वी. तिन्ही ओळींपुढे ‘सक्सेस’. त्याच्या खाली आमचीच पुढची ओळ, नवी फाईल ठेवायला निघालेली, आणि तिच्यापुढे दोन शब्द: डिलीट पेंडिंग. त्याखाली, सेकंदाच्या अगदी लहान भागाने, त्या दुसऱ्या प्रोग्रॅमची ओळ: बंद केली.

तो दुसरा प्रोग्रॅम म्हणजे मशीनवरचा अँटीव्हायरस. कुणी फाईलमध्ये काही लिहून ती बंद केली की हा ती उघडून हुंगून बघायचा. त्याचं कामच ते. आणि मला त्यातली गंमत वाटली ती ही, की त्याने शिष्टाचार पाळला होता. पुसायची मुभा न देता उघडली असती तर आम्हाला पुसतानाच ३२ मिळाला असता, जागच्या जागी, आणि कुणीतरी फाईल धरलीय हे पहिल्या दिवशी कळलं असतं. त्याने मुभा दिली म्हणून पुसणं यशस्वी दिसलं, आणि फटका बसला पुढच्या पायरीला, पुढच्या टेस्टच्या नावावर. आतला खरा शेरा ‘डिलीट पेंडिंग’. पण वर येता येता विंडोज त्याचा ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे ५ नंबरचा एरर, करतं आणि पायथन त्याचा ‘परमिशन डिनाइड’. खाली ज्याला ‘थांब जरा’ म्हणतात, ते वर येईपर्यंत ‘तुला परवानगी नाही’ झालेलं असतं. मग माणूस परवानग्या तपासत बसणार नाही तर काय करणार?

डीबगरमध्ये का येत नव्हता तेही सुटलं. मी पायरीवर थांबून विचार करत होते तेवढ्यात त्याचं हुंगून व्हायचं.

विंडोज १० च्या काळात मायक्रोसॉफ्टने एनटीएफएसवर युनिक्सच्या रीतीने पुसण्याची सोय आणली, नाव लगेच मोकळं होणारी, आणि पुढे नेहमीचं पुसणंही त्याच वाटेने जाऊ लागलं. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर हे सगळं मी दाखवायला गेले तर दाखवता आलं नाही. सर म्हणाले, मग झालं की, जुनं मशीन काढून टाकू. किंवा अँटीव्हायरसला सांगू की टेस्टच्या फोल्डरकडे बघू नकोस. दोन्ही उपायांनी टेस्ट हिरव्या झाल्या असत्या यात शंका नाही. यार्डात मात्र जुनंच मशीन आणि तोच प्रकार. वर्ष बंद करताना आमचं सॉफ्टवेअर एसक्यूएलाइटच्या ‘व्हॅक्यूम इंटू’ या आज्ञेने आवरलेली नवी फाईल काढायचं, जुनी पुसायचं आणि नवीला जुनीचं नाव द्यायचं. टेस्टमध्ये घडत होतं तेच, फक्त इथे आत शेतकऱ्यांचे पैसे होते. डेटा जात नव्हता, कारण परत चालू केल्यावर सॉफ्टवेअर नाव न बदललेली नवी फाईल शोधून काम पुरं करायचं. ‘परत चालू केलं की होतंय’ ते यामुळे. टेस्ट इतके महिने तेच ओरडून सांगत होती आणि आम्ही तिला चहाच्या वेळेला गप्प करत होतो.

यावर मी उत्साहाने उपाय लिहायला घेतला, आणि मग एसक्यूएलाइटचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडला, कारण विंडोजवरच्या अँटीव्हायरसशी गाठ पडणारे आम्ही पहिले असणं शक्य नव्हतं. तिथे उपाय काय निघावा? परत प्रयत्न! वाचणं, लिहिणं किंवा पुसणं अडलं तर १० वेळा परत. पहिल्या वेळी २५ मिलीसेकंद थांबून, पुढे दर वेळी २५ ने जास्त. बेरीज केली तर सव्वा सेकंदाच्या थोडी वर. अँटीव्हायरसच्या सहवासात टिकाव लागावा म्हणून हे केलंय, असं त्यांच्या कागदपत्रांत सरळ लिहिलंय. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर त्याहून धीराचा: विंडोजवर फाईलचं नाव बदलणं किंवा पुसणं अडलं तर १०० मिलीसेकंदांच्या अंतराने १०० वेळा, म्हणजे १० सेकंद, दार ठोठावत राहतं.

मग एवढ्या धीराच्या एसक्यूएलाइटवर आमचं का अडलं? कारण पुसणं, कॉपी करणं, नाव बदलणं हे आम्ही एसक्यूएलाइटकडून करवतच नव्हतो. ते सरळ पायथनकडून. फाईल एसक्यूएलाइटच्या हातात असेपर्यंत त्याचा धीर. आमच्या हातात आली की आम्ही एका नकारावर हात वर करणार.

सोर्स वाचताना भेटलेला एक किस्सा, विषयाबाहेरचा असला तरी सांगतेच. एसक्यूएलाइटच्या तात्पुरत्या फाईलींची नावं आधी ‘एसक्यूएलाइट’ने सुरू व्हायची. मग एका अँटीव्हायरस कंपनीनेच आपल्या प्रॉडक्टमध्ये एसक्यूएलाइट वापरलं, आणि लोकांना टेम्प फोल्डरमध्ये या नावाच्या फाईली दिसू लागल्या. वैतागलेले लोक नाव शोधून, फोन नंबर काढून, एसक्यूएलाइट लिहिणाऱ्यांना रात्री झोपेतून उठवून झापायचे. तेव्हा २००६ मध्ये त्यांनी ती अक्षरं उलटी करून टाकली. आजही त्या फाईली उलट्या नावाने फिरतात. सोर्समधल्या कॉमेंटमध्ये हे सगळं तारखेसकट लिहून ठेवलंय. अँटीव्हायरसने यांनाही दोन्ही बाजूंनी छळलं हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

तर सर म्हणत होते तेच शेवटी आम्ही केलं का? एका अर्थी हो, आणि सरांनी ते ऐकवायची संधी सोडली नाही. पण माझं म्हणणं मी तेव्हाही सोडलं नाही आणि आता लिहितानाही सोडत नाही. एसक्यूएलाइटचा आणि पोस्टग्रेसचा परत प्रयत्न कुणासाठी थांबतोय ते त्याला माहीत आहे. ठरावीक एररलाच तो थांबतो, ठरावीक वेळच थांबतो आणि का थांबतो ते शेजारी लिहिलेलं आहे. डिस्क भरली असेल तर तो दहा वेळा डोकं आपटत नाही. आमचा रात्रीचा परत प्रयत्न सगळ्यालाच होता: उघड्या कनेक्शनला, अँटीव्हायरसला, आणि उद्या कुणी पट्टीच्या बेरजेत घोळ घातला असता आणि तो कधीमधीच दिसला असता, तर त्यालाही. ३२ आणि परमिशन डिनाइड हे दोन वेगळे दोष इतके महिने एकाखाली एक झाकलेले राहिले ते त्यामुळेच.

बाकी काम फार नव्हतं. प्रत्येक टेस्टला स्वतःचा नवा फोल्डर. नाव परत वापरायचंच नाही, मग पुसणं प्रलंबित राहिलं तरी कुणाच्या वाटेत येत नाही. संच संपला की सगळे फोल्डर एकदम झाडायचे, एखादा चिवट राहिला तर पुढच्या रात्री. सॉफ्टवेअरमध्ये जुनी फाईल जागेवर पुसायची नाही: आधी तिला कुणाशीच न जुळणारं वेगळं नाव द्यायचं, ती मुभा अँटीव्हायरसने दिलेलीच असते, आणि मग पुसायचं. मूळ नाव त्याच क्षणी मोकळं. तरीही ५ किंवा ३२ आलाच तर एसक्यूएलाइटच्याच मापाने थांबून परत, आणि प्रत्येक थांबण्याची लॉगमध्ये ओळ. दुसरा कुठलाही एरर आला तर लगेच बोंब. रात्रीच्या संचावरचा आपोआप परत चालवण्याचा पर्याय मी बंद करून घेतला. पहिले काही दिवस सगळ्यांची तोंडं वाकडी होती, कारण ३२ आणि परमिशन डिनाइडच्या मागे लपलेली आणखी एक टेस्ट उघडी पडली, जी रात्री बाराच्या ठोक्याला तारीख बदलली की फेल व्हायची. ती अर्ध्या तासात सुटली. कोपऱ्यातलं मशीन मी काढू दिलं नाही. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, ‘बंद करू नये’, आणि झाडणाऱ्या मावशींनाही बजावून ठेवलंय.

नवीन आवृत्ती मार्च संपायच्या आधी यार्डात गेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच अडत्यांचा फोन.

“मॅडम, वर्ष बंद झालं बरं का. एरर न्हाई आला.”

“चला, बरं झालं.”

“व्हय, पण मधीच जरा थांबतंय ओ ते. सेकंदभर कायच करत न्हाई. असं का करतंय?”

मी अँटीव्हायरसचं सांगायला सुरुवात केली. ते थोडं ऐकून म्हणाले, “असू दे असू दे. मागं एरर यायचा तवा कळायचं तरी, आता चालू कर म्हणून. आता नुसतं बघत बसाय लागतंय. तेवढं जरा फास्ट करा.”

विनंती रजिस्टरमध्ये नोंदवून ठेवली आहे. सर म्हणतात, थांबायची वेळ सव्वा सेकंदावरून अर्ध्या सेकंदावर आणून टाक. मी अजून केलेली नाही.